पडद्याचे सोवळे

प्रवासाला निघताना माणूस बरोबर काय घेतो, यावरून त्याचा काळ ओळखता येतो. आपल्या आजोबांच्या पिढीचे सामान ठरलेले असे: वळकटी, फिरकीचा तांब्या, शिध्याची पिशवी आणि सोवळ्याची धाबळी. पुढे होल्डॉल आला, मग थर्मास आला. आता या यादीत बोटाएवढ्या लांबीची एक वस्तू दाखल झाली आहे. हॉटेलच्या खोलीतील टीव्हीच्या मागे एचडीएमआयची खाच असते. तिच्यात ही कांडी बसवायची आणि ती वाय-फायशी जोडायची. परक्या गावातल्या त्या पडद्यावर मग आपल्या घरचा पडदा उघडतो. काल रात्री मालिका जिथे थांबवली होती, तिथूनच ती पुढे सुरू होते. गूगलचे क्रोमकास्ट २०१३ साली आले. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक २०१४ साली अमेरिकेत आणि २०१७ साली भारतात आली. क्रोमकास्टचे उत्पादन २०२४ साली थांबविण्यात आले; पण अशा साधनांनी लावलेली सवय चांगलीच रुजली आहे.

एवढ्याशा वस्तूत नैतिक प्रश्न तो कोणता, असे वाचक विचारतील. भाडे आपण भरले आहे, वर्गणी आपली आहे, वेळही आपला आहे. यात कोणाचे काय बिघडले? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे सरळ उत्तर ‘कोणाचेच नाही’ असे आहे. परंतु ज्या कृतीने दुसऱ्याचे काही बिघडत नाही, तिचा विचार करण्याचे कारणच उरत नाही, हे मात्र मला मान्य नाही. काही सवयी दुसऱ्याला इजा न करता आपल्यालाच आतून थोडे थोडे आक्रसून टाकतात. त्यांचाही हिशेब कधीतरी मांडावा लागतो.

आपले सामान बरोबर बाळगण्याची रीत नवी नाही. धर्मशाळेत उतरणारा यात्रेकरू आपले अंथरूण, आपली भांडी, आपला शिधा घेऊनच येई. अहिल्याबाई होळकरांनी तीर्थक्षेत्रांच्या ठिकाणी धर्मशाळा आणि घाट बांधविले, तेव्हा यात्रेकरूला आसरा आणि पाणी मिळावे हा हेतू होता. बाकीचे ज्याचे त्याने पाहायचे असे. या स्वावलंबनात शहाणपण होते, आरोग्याची काळजीही होती. पण त्याच पिशवीत आणखी एक गोष्ट असे, आणि ती प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ‘दुसऱ्याच्या हातचे नको’ हा नकारही तिच्यात बांधलेला असे. ज्याच्या गावात उतरलो, त्याच्या विहिरीचे पाणी आणि त्याच्या चुलीवरचे अन्न आपल्याला चालत नाही, हे त्याला न बोलता सांगितले जाई. या सोवळ्याने किती माणसे दुखावली, हे आपल्या समाजाला ठाऊक आहे.

ते सोवळे आता बहुतेक सुटले. आज आपण कोणाच्याही हातचे जेवतो, आणि ते योग्यच झाले. पण डोळ्यांनी आणि कानांनी मात्र आपण नव्याने सोवळे पाळू लागलो आहोत, असे मला वाटते. परगावची बातमी, परगावची भाषा, तिथली हवा, तिथले वाद यांचा स्पर्श नको. संध्याकाळ झाली की आपला पडदा, आपली मालिका, आपलेच वृत्तनिवेदक. जुन्या सोवळ्याला निदान धर्माची समजूत तरी होती. या नव्या सोवळ्याला केवळ सवयीचा आधार आहे.

विष्णुभट गोडसे यांचे स्मरण येथे उपयोगी पडेल. वरसईचे हे भिक्षुक ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून अनुभवला. परतताना गंगेची कावड आणली. त्यांनी १८८३ साली लिहून काढलेला ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे खाण्यापिण्याचे सोवळे त्या काळाप्रमाणे कडक असणारच. परंतु त्यांच्या डोळ्याकानांना सोवळे नव्हते. जे समोर आले ते त्यांनी पाहिले, विचारले, लक्षात ठेवले. आपली स्थिती नेमकी उलटी झाली आहे.

यावर एक आक्षेप घेता येईल. हॉटेलचा टीव्ही तरी त्या गावाचा कुठे असतो? इंदूरला ज्या वाहिन्या दिसतात, त्यांतल्या कितीतरी हैदराबादलाही दिसतात. हे खरे आहे. तरीही त्या टीव्हीत एक गुण होता. त्यावर दिसणारे सारेच आपल्या निवडीचे नसे. बटणे दाबता दाबता हैदराबादला तेलुगू बातम्या लागत, बेळगावला कन्नड. शब्द कळले नाहीत तरी कोठे पूर आला आहे, कोणत्या चौकात लोक जमले आहेत, एवढे कळे. आपण सोबत नेलेली कांडी आपल्याला पूर्वी जे आवडले, त्याच्याच जवळपासचे पुढे करते. ती गावाला ओळखत नाही, फक्त आपल्याला ओळखते.

सरकारी नोकरीत जिल्ह्याजिल्ह्यांतून दौरे करताना विश्रामगृहातील संध्याकाळी पुष्कळ वाट्याला आल्या. करमणुकीचे साधन म्हणजे व्हरांड्यातील खुर्ची आणि चौकीदाराशी गप्पा. नाला कोणत्या महिन्यात आटतो, आठवडी बाजारात यंदा गर्दी का नाही, कोणत्या पाड्यावरचे लोक कामासाठी गुजरातेत गेले आहेत, हे त्या गप्पांतून कळे. आणि दुसऱ्या दिवशी समोर आलेली फाईल वेगळ्या नजरेने वाचली जाई. ते ज्ञान मिळविण्याचा कोणताही उदात्त हेतू नसे. दुसरे काही करण्यासारखे नव्हते, म्हणून ते मिळाले. रिकाम्या वेळेचे हे देणे आज आपण स्वतःच्या हाताने नाकारतो आहोत.

म्हणून ही वस्तू त्याज्य आहे काय? असा निकाल देणे अन्यायाचे होईल. आजाऱ्याच्या उपचारासाठी परक्या शहरात तीन-तीन आठवडे लॉजवर राहणारी माणसे आपण पाहतो. दिवसभर रुग्णालयाच्या बाकावर बसून आलेल्या वृद्धेला रात्री तासभर ओळखीचे चेहरे पाहता आले, तर ती करमणूक नव्हे, तो आधार आहे. आणि आपल्यासारख्यांचा आणखी एक प्रश्न आहे. ग्वाल्हेरच्या उत्तरेस गेल्यावर हॉटेलच्या वाहिन्यांत मराठी वाहिनी सापडणे नशिबाची गोष्ट असते. आपली भाषा ऐकावीशी वाटणे हा हट्ट नाही.

किंबहुना बरोबर काय न्यावे आणि काय घ्यावे, हा प्रश्न आपल्या घराण्यांनी अडीचशे वर्षे सोडविला आहे. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्याबरोबर अठराव्या शतकात जे आले, त्यांनी भाषा आणली, कुळाचार आणले, गौरी-गणपती आणले. केवळ तेवढेच सांभाळत बसले असते, तर ते माळव्यात आणि गुजरातेत पाहुणेच राहिले असते. सारेच टाकून दिले असते, तर हे पत्रक वाचणारे कोणी उरले नसते. नेलेले जपावे आणि दारी आलेले नाकारू नये, हाच त्यांचा मार्ग होता. एका रात्रीच्या मुक्कामालाही तोच लागू पडतो. आधी गावात एक फेरी मारावी, कोणाशी तरी चार शब्द बोलावे. मग खोलीत येऊन हवे ते पाहावे.

या साधनाचे काही साधे आचारधर्मही आहेत. खोली भाड्याची असते, आपली नसते. म्हणून मागची वायर काढली तर निघताना ती होती तशी लावावी. भिंतीपलीकडे कोणी झोपले आहे, हे आवाज वाढविताना आठवावे. हॉटेलच्याच टीव्हीवर आपले खाते उघडले असेल, तर ते बंद केल्याशिवाय दार ओढू नये. आणि आधीच्या पाहुण्याचे खाते उघडे राहिलेले आढळले, तर दुसऱ्याचे पत्र उघडे दिसल्यावर सभ्य माणूस जे करतो तेच करावे: न वाचता मिटून ठेवावे.

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असा अर्थ आपण लहानपणापासून ऐकला. आता येण्याची तिथी, जाण्याची वेळ, खोलीचा क्रमांक, सारे आधीच ठरलेले असते. तरीही अतिथीपणाचा एक अंश आपल्या हाती शिल्लक आहे. ज्याच्या गावी आलो, त्याच्याकडे सांगण्यासारखे काही असेल हे मानणे आणि ते ऐकण्यापुरती संध्याकाळ मोकळी ठेवणे, एवढाच तो आहे. कांडी बॅगेत असू द्यावी; ती पहिल्याच घटकेला बाहेर काढू नये.