देणगी, घर आणि गुरू

सर्जनशील लेखनाचे शिक्षण घेण्यासाठी माणसाने घरदार सोडावे, की संसारात राहूनच ते घ्यावे, हा प्रश्न वरकरणी शिक्षणव्यवस्थेचा वाटतो. थोडा खोल विचार केला, की तो कर्तव्याचा प्रश्न आहे हे ध्यानी येते. लाभलेल्या देणगीचे आपण काय करावे, आणि तिच्यापायी घरच्या माणसांकडे किती मागावे, हे त्याचे खरे रूप होय. म्हणून तो केवळ साहित्याच्या जाणकारांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

अमेरिकेत या शिक्षणाची एक निराळी पद्धत जवळजवळ अर्धशतक रूढ आहे. तेथील आयोवा विद्यापीठात १९३६ पासून लेखनाची प्रसिद्ध कार्यशाळा चालते; पण तिच्यासाठी विद्यार्थ्याला तेथे जाऊन राहावे लागते. ज्यांच्या पदरी मुले आहेत, ज्यांना नोकरी सोडता येत नाही, त्यांनी काय करावे? १९७६ साली व्हरमाँट राज्यातील गॉडर्ड कॉलेजात कवयित्री एलेन ब्रायंट व्हॉइट यांनी त्यावर तोड काढली. विद्यार्थ्यांनी वर्षातून दोनदा, दहा-बारा दिवस एकत्र राहावे, व्याख्याने ऐकावीत, आपले लेखन सर्वांपुढे ठेवावे आणि घरी परतावे. मग दर काही आठवड्यांनी लेखनाचे पाकीट टपालाने गुरूकडे जाई आणि गुरूचे सविस्तर पत्र परत येई. १९८१ मध्ये हा अभ्यासक्रम नॉर्थ कॅरोलायनातील वॉरन विल्सन कॉलेजात गेला. गॉडर्ड कॉलेज २०२४ मध्ये बंद झाले; पद्धत मात्र अनेक ठिकाणी टिकून आहे.

ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. वारकरी वर्षभर आपल्या शेतात, दुकानात, संसारात असतो आणि आषाढी-कार्तिकीला पंढरपुरी जातो. गोरोबांनी चाक सोडले नाही, सावतोबांनी अरणचा मळा सोडला नाही, जनाबाईंचे जाते थांबले नाही. तरी मराठी भाषा त्यांच्या वाणीने श्रीमंत झाली. आपल्या परंपरेतही संत पौल करिंथकरांमध्ये दीड वर्ष राहिला, तंबू शिवून आपले पोट भरीत त्याने शिकवले, आणि पुढची शिकवण पत्रांनी दिली. थोडा सहवास आणि पुष्कळ पत्रव्यवहार, ही गुरुशिष्यांची फार जुनी रीत आहे.

आपल्या जिल्ह्यात तर या विचाराचे घरच आहे. महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये स्थापन केलेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या परिसरात आहे. पाठ्यपुस्तके घरी, संपर्कसत्रे जवळच्या अभ्यासकेंद्रात, अशी त्याची व्यवस्था. १९८५ च्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने तर इंग्रजी आणि हिंदी या भाषांतील सर्जनशील लेखनाच्या पदविका याच मार्गाने दिल्या. त्याच धरणातून सुटलेले पाणी नाशिक ओलांडून सायखेड्याच्या पुलाखालून जाते. या गावातील एखाद्या गृहिणीला लिहावेसे वाटले, तर कांद्याची लागवड किंवा द्राक्षांची छाटणी टाकून दोन वर्षे बाहेरगावी राहणे तिला शक्य नाही. घरी राहून शिकण्याची सोय म्हणजे तिच्यावर केलेली मेहेरबानी, असे काहींना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. २०१६ आणि २०१९ च्या पावसाळ्यात गोदावरीचे पाणी सायखेड्यात शिरले. पाणी किती फूट चढले, हे बाहेरून आलेला बातमीदार लिहील. पण घरातून कोणती पेटी आधी उचलली गेली, आणि चिखल उपसताना सासू-सुना एकमेकींशी काय बोलल्या, हे घरात राहिलेल्या बाईलाच ठाऊक. तिचे लेखनद्रव्य तिच्या घरात आहे. तिला घरापासून तोडून लेखन शिकवणे म्हणजे रोप उपटून शेती शिकवण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. लेखन का शिकवता येते? बहिणाबाई चौधरींना अक्षरओळखही नव्हती. त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि महाराष्ट्र थक्क झाला. आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. बहिणाबाई शाळेत गेल्या नाहीत. परंतु जात्यावरच्या ओव्या, कीर्तने, सणावारांची गाणी यांचे संस्कार त्यांच्या कानांवर जन्मभर होत होते. ओवी बसली की नाही, हे ऐकणाऱ्या बायांना लगेच कळे. आज जाते अडगळीत गेले आणि ऐकणाऱ्या बायाही पांगल्या. प्रतिभा कोणी कोणाला देऊ शकत नाही, हे मान्य. पण ऐकणारा कान, खोडून पुन्हा लिहिण्याची सवय आणि न आवडल्यास तसे सांगणारा प्रामाणिक वाचक, हे द्यावेच लागते.

खरी अडचण पुढे आहे. घरात राहून शिकायचे, तर वेळ घरातूनच काढावा लागतो. पुरुष वाचीत बसला तर तो अभ्यास ठरतो. बाई लिहायला बसली की घराला तिच्याकडची सारी कामे आठवतात. मग तिला स्वतःलाच वाटू लागते, की आपण स्वार्थी झालो. हा स्वार्थ आहे काय? तालंतांच्या दृष्टान्तात धनी ज्या दासावर रागावतो, त्याने चोरी केलेली नाही, उधळपट्टी केलेली नाही; त्याने मिळालेले धन जमिनीत पुरून जपून ठेवले, एवढाच त्याचा दोष. परंतु सायखेड्यातील किंवा वसईतील बाई आपली देणगी पुरते, तेव्हा खड्डा खणायला सारे घर हातभार लावते, हेही विसरता येत नाही. त्या दोषात मग सर्वांचा वाटा आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण येथे आठवावे. नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ मध्ये जन्मलेल्या या बाईंना शाळा अशी मिळाली नाही. वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, घरातच. १९१९ मध्ये रेव्हरंड टिळक वारले, तेव्हा अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे नेले, आणि उतारवयात ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी गद्याला नवे तेज दिले. त्या संसारात ओढाताण किती होती, हे त्या पुस्तकाच्या वाचकांना सांगायला नको. त्या ओढाताणीतून लेखन उमलले म्हणून ओढाताणीचे गोडवे मात्र गाऊ नयेत. लक्ष्मीबाई एक झाल्या. न झालेल्या किती, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. घरी राहणारा लेखक ज्यांच्याविषयी लिहितो, ती माणसे त्याच्या शेजारीच राहतात. सत्य सांगावे, तर शेजारधर्म मोडतो. शेजारधर्म पाळावा, तर लेखन खोटे पडते. आम्ही धर्मगुरू असल्याने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींचे वजन जाणतो. आमच्या मते सीमा येथे आखावी: आपण सोसलेले लिहिण्याचा हक्क आपला आहे, दुसऱ्याने विश्वासाने कानात सांगितलेले लिहिण्याचा नाही. आणि आपण सोसलेले लिहितानाही दुसऱ्याला न्याय मिळाला पाहिजे. दूर असलेल्या गुरूचा उपयोग येथेच होतो. तो आपल्या जावेला ओळखत नाही, आपल्या भावकीचा तंटा त्याला ठाऊक नाही. कागदावरची जाऊ केवळ दुष्ट दिसली, तर तो विचारतो, ‘ही बाई अशी का झाली?’ त्या प्रश्नाला उत्तर शोधताना लेखन सुधारते, आणि पुष्कळदा रागही निवळतो. वर्षातील ते दहा दिवस अनोळखी माणसांत राहायचे, ते परक्या डोळ्यांनी आपले घर पाहता यावे म्हणून. कायम तेथेच राहिले, तर घर विसरेल. मुळीच गेले नाही, तर घर दिसणारच नाही.

या पद्धतीत धोके नाहीत असे नव्हे. शुल्क परवडणार नाही, पदवीचा हव्यास लेखनाला गिळेल, एकाच गुरूच्या हाताखाली सर्वांची भाषा एकसारखी होईल. यांविषयी सावध असावे. परंतु विद्यापीठाचा प्रवेशअर्ज ही नंतरची गोष्ट. आपल्या घरात कोणी वहीत काही लिहीत असेल, तर त्या व्यक्तीला दिवसाचा एक तास आणि बसायला एक कोपरा मिळतो काय, हे प्रत्येक कुटुंबाने आधी पाहावे. त्या तासात स्वयंपाकघरातून तिला हाक मारू नये. आणि लिहिलेले वाचून दाखवले, तर उगाच वाहवा न करता नीट ऐकावे.