होकार कोणाचा?

हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनवरून अबिड्सकडे निघाले की वाटेत चॅपल रोड लागतो. स्टॅन्ली ही मुलींची शाळा मेथडिस्टांची, लिटल फ्लॉवर कॅथलिकांची. गनफाउंड्रीला सेंट जोसेफचे कॅथेड्रल, आणि अबिड्सला अँग्लिकन परंपरेतले सेंट जॉर्ज चर्च. ही सगळी मंडळी आज एकमेकांच्या शेजारी सुखाने नांदतात. पण त्यांच्या पूर्वजांनी एका प्रश्नावरून युरोप उभा-आडवा चिरला होता. माणसाचे तारण त्याच्या विश्वासामुळे होते, असे एकदा मान्य केले, तरी तो विश्वास येतो कुठून? माणूस तो स्वतः निवडतो, की देव तो त्याच्यात उत्पन्न करतो?

ऑगस्टीन आणि पेलाजियस यांच्यापासून हा वाद चालत आला आहे. 1524 मध्ये इरास्मसने माणसाच्या इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली. पुढच्याच वर्षी ल्यूथरने उत्तर दिले, की तारणाच्या बाबतीत माणसाची इच्छा बांधलेली आहे. 1547 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने कॅथलिकांचे म्हणणे पक्के केले: पुढाकार कृपेचा, पण माणूस तिला साथ देऊ शकतो आणि नाकारूही शकतो. डॉर्टच्या सभेत, 1618-19 मध्ये, कॅल्विनपंथीयांनी नेमके उलट ठरवले. देवाने ज्यांना निवडले त्यांचे तारण अटळ, आणि कृपेला शेवटपर्यंत अडवणे निवडलेल्याच्या हातात नाही. 1739 मध्ये जॉन वेस्ली या मताविरुद्ध उभा राहिला. कृपा सर्वांसाठी आहे, ती प्रत्येकाकडे आधीच येऊन पोचलेली असते, आणि होकार देण्यापुरती इच्छा तीच मोकळी करते, असे त्याचे म्हणणे. चॅपल रोडवरच्या मेथडिस्टांचा वारसा तो हाच. पुढे 1999 मध्ये ऑग्सबर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी या विषयावरच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, आणि 2006 मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषदही तिच्यात सामील झाली. म्हणजे या रस्त्यावरच्या दोन शेजाऱ्यांमधला जुना तंटा कागदावर तरी बराचसा मिटला आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळे परके वाटू नये. रामानुजांच्या परंपरेत याच प्रश्नावरून दोन पंथ झाले. माकडिणीचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. भक्त यातले कोणते पिल्लू, यावर वडकलै आणि तेंकलै आजही वेगळे आहेत. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा तुकोबांना सोडून ते तिकडे गेले नव्हते. तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. शरण जाणे हे करणे आहे की करणे थांबवणे आहे, हा पेच त्यांना घरचाच होता.

पण सिद्धांतापेक्षा माणसांकडे पाहावे, आणि त्यासाठी नामपल्लीहून मुंबईला जाणारी हुसेनसागर एक्सप्रेस धरावी. ती गुलबर्ग्यावरून जाते. निजामाच्या राज्यातल्या त्या गावात पंडिता रमाबाईंनी शाळा काढली होती आणि त्यांची मुलगी मनोरमा ती पाहत असे. दौंड मागे टाकून गाडी पुण्याकडे वळली की केडगाव लागते, तिथे रमाबाईंचे मुक्ती सदन. आपल्या प्रश्नाचा इतका प्रामाणिक साक्षीदार मराठीत दुसरा मला माहीत नाही.

सप्टेंबर 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. निवड म्हणावी तर याहून जाणती निवड कोणती? संस्कृत शास्त्रे मुखोद्गत असलेली, वाद करत भारतभर फिरलेली ही बाई. ख्रिस्ती झालेल्या नेहेम्या गोरे यांच्यासारख्या पंडिताचे युक्तिवाद तिने तपासून घेतले होते. बाप्तिस्म्यानंतरही ती कोणाच्या मुठीत गेली नाही. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही म्हणून तो मुकाट्याने गिळायला तिने नकार दिला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकती सुटलेली मी दुसऱ्याच्या आज्ञेत का राहू, अशा अर्थाचे तिने वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनना 1885 मध्ये लिहून कळवले. तेव्हा त्या बाईंना हा उद्धटपणा वाटला होता. मला मात्र इथेच रमाबाईंच्या विश्वासाचा कणा दिसतो.

आणि तरीही 1907 मध्ये आपली साक्ष लिहिताना रमाबाई म्हणतात, की त्या पहिल्या आठ वर्षांत मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. 1891 च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम स्वतः व्यासपीठावरून प्रवचन देत असताना, आपल्याच शब्दांनी पालटला होता. तोवर त्याची नेमणूक झालेली, दीक्षा झालेली, कामही चाललेले. रमाबाईंनी त्यात स्वतःला ओळखले. धर्म निवडून झाला होता, पण आपण पापी आहोत आणि आपल्याला काही मिळवायचे नसून फक्त घ्यायचे आहे, ही गोष्ट बुद्धीने मान्य असूनही आतून घडलेली नव्हती. ती घडली तेव्हा त्यांनी ती निवडली असे त्या सांगत नाहीत. ती आली, असे सांगतात.

माझे मत यावरून बनत गेले आहे. विश्वास हा निवडता येत नाही. उद्यापासून मी मानेन, असे ठरवून कोणी मानू लागत नाही, जसे कोणी ठरवून प्रेमात पडत नाही. पण आलेल्या विश्वासाला दार उघडायचे की नाही, त्याची किंमत मोजायची की नाही, हे माणसाच्या हातात असते. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिताना दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत. तुम्ही आपले तारण भीत-कापत साधून घ्या, कारण इच्छा करणे आणि कृती करणे हे दोन्ही देवच तुमच्यात घडवतो. तर्काला हे खटकते. रमाबाईंच्या आयुष्यात ते जसेच्या तसे दिसते: त्यांच्या निवडीने त्यांना तारले नाही, पण ती निवड नसती, ते हट्टी प्रश्न विचारणे नसते, तर 1891 मध्ये जे आले ते त्यांचे स्वतःचे झाले नसते.

मग ज्यांना अशी निवड करायला वावच नव्हता त्यांचे काय? रमाबाईंच्या शारदा सदन या निवासी शाळेतल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा पुण्यात गदारोळ झाला आणि 1893 मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले. मी कोणाला बोलावत नाही, पण माझे दार बंदही करणार नाही, ही रमाबाईंची भूमिका. मला ती मान्य आहे, पण पुरती नाही. ज्या मुलीचे अन्न, वस्त्र, छप्पर तुमच्याकडून येते, तिला तुमचे उघडे दार म्हणजे नुसते दार नसते. दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींबद्दल तर हा प्रश्न अधिकच टोचतो.

या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर तेलुगू मुलखात मिळते. 1876-78 च्या महादुष्काळात ओंगोलचा अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी जॉन क्लाऊ याने बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचे एक काम अंगावर घेतले आणि हजारो भुकेल्यांना मजुरी दिली. त्याचे उपदेशक त्या छावणीतच राहत, बोलत. लोक बाप्तिस्मा मागू लागले. क्लाऊने नाही म्हटले. मदतवाटप चालू आहे तोवर एकालाही पाण्यात उतरवायचे नाही, असा त्याने निश्चय केला आणि तो वर्षाहून अधिक काळ पाळला. मदत थांबली, धान्य मिळायचे बंद झाले, आणि लोक तरीही आले. 3 जुलै 1878 रोजी वेलुंपिल्लीजवळ गुंडलकम्मा नदीत 2,222 जणांचा बाप्तिस्मा झाला. सहा उपदेशक, एका वेळी दोघे पाण्यात, दमले की पुढचे दोघे. तांदळासाठी धर्म बदलला, हा आरोप त्या दिवसाला लागू होत नाही, कारण त्या दिवशी तांदूळ नव्हता. इथे मिशनऱ्याने स्वतःच्या यशाला लगाम घातला तो समोरच्याच्या नकाराची सोय व्हावी म्हणून.

हैदराबाद संस्थानातही माला आणि मादिगा समाज वस्त्याच्या वस्त्या ख्रिस्ती झाला, मेदकभोवती वेस्लियन मिशनमध्ये आणि पूर्वेला बिशप अझरियांच्या दोर्नकल धर्मप्रांतात. यावर 1930 च्या दशकात गांधीजींनी कडाडून टीका केली. आत्म्याचा पालट एकेकट्याचा असतो, घाऊक नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो हलका नाही. पण त्याच ओघात 1936 मध्ये जॉन मॉट यांच्याशी बोलताना अस्पृश्यांच्या समजेसाठी त्यांनी गाईचा दाखला दिला. गांधींबद्दल मला मनापासून आदर आहे; नामपल्लीत त्यांच्या नावाच्या भवनासमोरून जाताना तो जाणवतोही. तरी हा दाखला मला सोसत नाही. चित्पावन पंडितेने विचार केला तर ती निवड, आणि मादिगवाड्याने रात्र-रात्र बसून विचार केला तर ती झुंड? अझरिया स्वतः तमिळ नाडारांतून आलेले. सगळे मिळून ठरवणे म्हणजे न ठरवणे नव्हे, हे त्यांना ठाऊक होते. ज्या माणसाला विहीर, मजुरी, सोयरीक यांतले काहीच एकट्याने मिळत नाही, तो देवाबद्दल तेवढे एकट्याने का ठरवील?

नारायण वामनांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचे तर याच्या उलट. पती ख्रिस्ती झाले म्हणून पाठोपाठ त्या गेल्या नाहीत. ताटातूट सोसली, नंतर एकत्र राहूनही आपला धर्म सोडला नाही, आधी स्वतःच्या मनातली जात मोडली आणि मग, 1900 मध्ये, बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या बाईला नवऱ्याला पाच वर्षे थांब म्हणता आले, हेच मला त्यांच्या विश्वासाचे मोठे प्रमाण वाटते.

आजही हा प्रश्न धर्मशास्त्राच्या पुस्तकात बंद झालेला नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. तेलंगणात ख्रिस्ती झालेल्या दलिताचे नाव मागासवर्गाच्या 'सी' गटात जाते, त्याला आरक्षण 1 टक्का. म्हणून रविवारी प्रार्थनेला जाणारी कितीतरी कुटुंबे दाखल्यावर हिंदू माला, हिंदू मादिगा राहतात. क्लाऊने लोकांच्या होकारामागचे आमिष काढून घेतले होते. आपल्या कायद्याने होकारावर दंड बसवला आहे. दोन्ही ठिकाणी शेवटी उरतो तो एकेक माणूस, ज्याच्याकडून उत्तर मागितले जाते. ते उत्तर त्याला तारते असे मी म्हणणार नाही. पण ते त्याला मोकळेपणाने देता यावे, एवढी जबाबदारी देवावर ढकलता येत नाही. ती चर्चची आहे आणि सरकारचीही.