राखलेला डाव

बळ ही एकाकडून दुसऱ्याकडे सोपवता येईल अशी वस्तू आहे, की ज्या देहात ते वसते त्या देहाबरोबरच ते संपते, हा प्रश्न भारतीय परंपरेने दर्शनग्रंथांपेक्षा पुराणकथांत आणि तालमींत अधिक चिकाटीने विचारला आहे. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत तर त्याला खास अर्थ आहे, कारण कृष्णा-वारणेच्या खोऱ्यांत गावोगाव तालमी आहेत आणि कृष्णेचा उगम ज्या क्षेत्र महाबळेश्वरी मानला जातो, त्या क्षेत्राची उत्पत्तिकथाच मुळी एका बलवानाच्या निवृत्तीची कथा आहे. महाबळ आणि अतिबळ या दैत्यबंधूंनी सह्याद्रीवर उच्छाद मांडला, तेव्हा विष्णूने अतिबळाचा वध केला; महाबळाला मात्र इच्छामरणाचा वर असल्याने त्याच्यापुढे देवांचे काही चालेना. अखेर आदिमायेने त्याला मोहित केले आणि विजयाच्या भरात त्यानेच देवांना वर मागण्यास सांगितले. देवांनी त्याचा मृत्यू मागितला, त्याने तो दिला, आणि शिवाने आपल्या नावाने येथे वास करावा एवढेच मागून घेतले. महाबळेश्वर आणि अतिबळेश्वर अशी दोन्ही मंदिरे आजही त्या क्षेत्री उभी आहेत.

मोहाचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तर या कथेतला विचार असा दिसतो की ज्याला कोणी हरवू शकत नाही त्याचा शेवट त्याच्या स्वतःच्या संमतीनेच होऊ शकतो, आणि ती संमती दिल्यावरही त्याचे काहीतरी मागे उरते. मल्लाच्या आयुष्यात ही संमती त्याला तिशी-पस्तिशीतच द्यावी लागते. आश्रमव्यवस्थेने, म्हणजे आयुष्याचे चार टप्पे कल्पिणाऱ्या व्यवस्थेने, वानप्रस्थ उतारवयासाठी राखून ठेवला. पण देहावर जगणाऱ्याचा वानप्रस्थ ऐन तारुण्यात सुरू होतो, आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षे त्याने कशासाठी जगायचे याचे उत्तर शास्त्रकारांनी दिलेले नाही. तालमीने मात्र दिले आहे. त्या उत्तराचे नाव वस्ताद.

गणपतराव आंदळकर यांचे आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९३५ साली शिराळा तालुक्यातील पुनवत या गावी जन्मलेले आंदळकर कुस्तीसाठी कोल्हापूरला गेले, १९६० मध्ये हिंदकेसरी झाले, आणि १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात, म्हणजे कमरेखाली पकड घेण्यास मनाई असलेल्या कुस्तीत, सुवर्णपदक आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्यपदक मिळवले. त्याच स्पर्धेत सांगलीजवळच्या कवठेपिरान गावच्या मारुती माने यांनी एक वजनगट खाली नेमका उलट क्रम लावला, फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. एका जिल्ह्यातल्या दोन गड्यांनी एकाच स्पर्धेत चार पदके आणावीत, हा योग मराठी कुस्तीच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल. १९६४ मध्ये आंदळकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरले. पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत ते वस्ताद झाले, आणि २०१८ मध्ये वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन होईपर्यंत लोक त्यांना मल्ल म्हणून जितके ओळखत, तितकेच वस्ताद म्हणून. हिशेब केला तर मल्लपणाचा काळ लहान आणि वस्तादकीचा काळ त्याच्या कितीतरी पट मोठा भरतो. तरीही चरित्रे लिहिणारे पहिल्याला पाने देतात आणि दुसऱ्याला परिच्छेद.

वस्ताद शिष्याला नेमके काय देतो, या प्रश्नाला तालमीच्या लोकपरंपरेत एक चतुर उत्तर आहे: तो सगळे देतो, फक्त एक डाव राखून ठेवतो. शिष्य कधी उन्मत्त होऊन गुरूवरच उलटला, तर त्या दिवसासाठी तो डाव. ही कल्पना केवळ मराठी मातीतली नाही; तेराव्या शतकातील फारसी कवी सादी याच्या ‘गुलिस्तान’मध्ये तीनशे साठ डाव जाणणारा मल्ल शिष्याला तीनशे एकोणसाठ शिकवतो आणि राजापुढे बढाई मारणाऱ्या त्या शिष्याला उरलेल्या एका डावावर अस्मान दाखवतो. कथा ऐकायला गोड आहे. पण तिच्या पोटात भीती आहे, आणि तीच भीती महाभारतात द्रोणाचार्यांच्या वाट्याला येते तेव्हा तिला एकलव्याच्या अंगठ्याची किंमत पडते. राखलेला डाव हा न कापलेला अंगठाच होय: एकात विद्या देण्याआधी रोखली जाते, दुसऱ्यात मिळवल्यावर हिरावली जाते, इतकाच फरक. दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीत आहे की विद्या हे धन आहे, दिले की ते देणाऱ्याच्या तिजोरीत कमी होते.

या गृहीताची परीक्षा हौद्यात, म्हणजे तालमीच्या आखाड्यात, सहज घेता येते. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळून ती मऊ केलेली असते. जोर-बैठका झाल्यावर जोडी मातीत उतरते, सलामी होते, खडाखडी सुरू होते, आणि कडेला उभा असलेला, कान मोडलेला वस्ताद बघत राहतो. एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय पकडून त्याला पाडण्याचा डाव, पहिल्या महिन्यातच शिकवला जातो. त्यात गुपित असे काही नाही. अवघड आहे ती वेळ. समोरच्याने पाय पुढे टाकला आणि अंगाचा भार त्यावर येऊ लागला, त्या निमिषात पट निघतो. जरा आधी गेले तर तो पाय मागे घेतो, जरा उशीर झाला तर मानेवर त्याचे सगळे वजन येते. ही वेळ वस्तादाला कळते, त्याच्या देहात ती वीस वर्षे मुरलेली असते, परंतु तो ती सांगू लागला की तोंडातून शब्द निघेपर्यंत ती निघून गेलेली असते. म्हणून चांगला वस्ताद फार बोलत नाही. तो पुन्हा जोड लावतो, शिष्याची मान दाबून भार कुठे आहे ते दाखवतो आणि पुन्हा बाजूला होतो.

याचा अर्थ असा की एक डाव राखण्याची गरजच नाही, कारण सगळे द्यायचे ठरवले तरी बरेचसे आपोआपच मागे राहते. आणि जे मागे राहते ते शिष्याला स्वतःच्याच देहात शोधावे लागते. मग वस्तादाचे काम कोणते, याचे उत्तर सादीकडे नाही, रामायणात आहे. समुद्रतीरावर वानरवीर आपापल्या उडीची मर्यादा सांगू लागतात, तेव्हा वृद्ध जांबवान म्हणतो की तरुणपणी आपण त्रिविक्रमाला, म्हणजे तीन पावलांत विश्व व्यापणाऱ्या वामनाला, प्रदक्षिणा घातली होती. आता मात्र नव्वद योजनांपलीकडे जाववत नाही. समुद्र शंभर योजनांचा आहे. निवृत्त खेळाडूची व्यथा इतक्या नेमक्या आकड्यांत क्वचितच कोणी मांडली असेल. पण त्या उणीव पडलेल्या दहा योजनांचे दुःख जांबवान करत बसत नाही. तो एका बाजूला गप्प बसलेल्या हनुमंताकडे वळतो आणि तो कोण आहे हे त्याला सांगतो. उत्तरकांडानुसार ऋषींच्या शापाने हनुमंताला स्वतःच्या बळाचा विसर पडलेला होता. जांबवान त्याला बळ देत नाही, डावही देत नाही. जे आहे त्याची आठवण देतो, आणि ती आठवण देण्याचा अधिकार त्याला मिळतो तो आपले बळ काय होते आणि आता काय उरले हे त्याने प्रामाणिकपणे मोजलेले असते म्हणून.

समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी बहुतेक सातारा-सांगली भागातच आहेत. मसूर, चाफळ, उंब्रज, बहे ही त्यांची गावे, आणि आंदळकरांच्या तालुक्याचे गाव शिराळा हेही त्यांतलेच. प्रत्येक तालमीच्या देवळीत मारुती असतो, जांबवान कुठेच नसतो. हे एका अर्थाने बरोबरच आहे, कारण त्याची जागा मूर्तीत नसून हौद्याच्या काठावर आहे.

आधुनिक क्रीडेत मात्र ही काठावरची जागा कराराने भरली जाते. दक्षिण कोरियाचा चा बुम-कुन हा फुटबॉलमधला आघाडीचा खेळाडू जर्मनीच्या बुंडेसलीगात ९८ गोल करून आणि फ्रँकफुर्ट व लेव्हरकुझेन या दोन्ही क्लबांबरोबर युएफा चषक जिंकून मायदेशी परतला, प्रशिक्षक झाला, आणि १९९८ च्या विश्वचषकात नेदरलँड्सकडून ०-५ असा पराभव होताच स्पर्धा चालू असतानाच त्याला पदावरून दूर करण्यात आले. गीतेतील कर्म आणि फळ यांचा भेद येथे फारच कठोर रूप धारण करतो: कर्म अकरा जणांचे, फळ एकट्याचे. खेळाडू असताना निदान चूक दुरुस्त करण्यासाठी पाय तरी स्वतःचे होते. वस्तादाची अवस्था तत्त्वतः वेगळी नाही, शिष्य चितपट झाला की त्याचेही नाव निघते. परंतु त्याचे नाते एका निकालाने तुटत नाही, कारण ते निकालावर बांधलेलेच नसते. अर्थात या नात्याचे फार कौतुक करण्याचेही कारण नाही. त्यात शिष्याची हुजरेगिरी आणि गुरूची मनमानी यांनाही भरपूर जागा होती, आणि लेखी करारात निदान दोन्ही बाजूंच्या जबाबदाऱ्या स्पष्ट असतात.

आंदळकरांच्या शिष्यांत दादू चौगुले यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. १९७० आणि १९७१ अशी सलग दोन वर्षे ते महाराष्ट्र केसरी झाले, १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले, आणि पुढे तेही नव्या पोरांना घडवू लागले. गुरूने शिष्याकडून पराभवाची इच्छा धरावी असे एक जुने वचन आहे. आखाड्यात ते शब्दशः घडण्याची वेळ सहसा येतच नाही, कारण शिष्य भरात येईपर्यंत गुरूने लांग सोडलेली असते. घडते ते वेगळेच. शिष्य ज्या वयात हौद्याबाहेर येतो त्या वयात गुरू कधीकाळी कुठे उभा होता हे त्याला प्रथमच उमगते, आणि आपल्याला काय मिळाले याचा हिशेब तो दुसऱ्याला शिकवायला लागल्यावरच मांडू शकतो. आज कुस्ती मॅटवर गेली आहे, प्रत्येक लढतीचे चित्रण होते, आणि एखाद्या इराणी किंवा जपानी मल्लाचा डाव शिराळ्यातला मुलगा त्याच रात्री मोबाइलवर दहा वेळा, हवा तितका संथ करून पाहू शकतो. राखून ठेवण्यासारखा डाव आता कोणत्याही वस्तादापाशी उरलेला नाही. तो मुलगा पट कधी काढतो, हे पाहायला मात्र कोणीतरी मॅटच्या कडेला उभे असावे लागते.