उशाकडचा दोरा

आमच्या घरातल्या प्रत्येक चादरीच्या एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचे चार टाके असत. ती उशाकडची बाजू. अंथरताना दोरा डोक्याकडे आला पाहिजे, पायाखाली गेलेली बाजू तोंडाशी येता कामा नये, एवढ्यासाठी आईने ही खूण घालून ठेवली होती. दादरला गोखले रोडजवळच्या चाळीत दोन खोल्यांत आम्ही सहा जण निजत होतो. गाद्या चार. सकाळी गुंडाळायच्या, रात्री पसरायच्या. त्या गडबडीत कुणाची चादर कुणाच्या गादीवर जाईल याचा नेम नसे, पण उसं आणि पायथा यांची अदलाबदल आईने कधी होऊ दिली नाही.

चादरी किती दिवसांनी धुवायच्या, हा प्रश्न मी त्या घरात कधी ऐकला नाही. त्याचं उत्तर नळाकडे होतं. पहाटे पाणी यायचं ते दीड तास. पिंप आणि कळश्या भरायच्या, सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या, मग रोजचं धुणं. त्यात सहा चादरी आणि सहा अभ्रे मोरीत घ्यायचे तर आदल्या दिवशीचं पाणी राखून ठेवावं लागे. भिजलेली सोलापुरी चादर एकट्या बाईला पिळता येत नाही. शेजारच्या काकू एक टोक धरत, आई दुसरं, आणि दोघी उलट दिशांना पीळ देत देत एकमेकींजवळ येत. मग काठीने ती गॅलरीतल्या वरच्या दांडीवर चढवायची. दांडीवर दोनच चादरी मावायच्या आणि दांडी तीन बिऱ्हाडांची. म्हणजे सगळ्या चादरी धुऊन व्हायला तीन-चार दिवस लागत आणि पुन्हा पहिलीची पाळी येईपर्यंत पंधरवडा उलटे. आईच्या मनातला हिशेब याहून कडक होता, हे मला फार उशिरा कळलं. पुढे फ्लॅट झाला, चोवीस तास पाणी आलं, तेव्हा ती दर शनिवारी चादरी काढू लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं तिला तेच करायचं होतं.

त्याआधीच्या पिढ्यांचं वेळापत्रक वेगळं होतं. पश्चिम महाराष्ट्रात अजूनही ‘दसरा काढणं’ म्हणतात. घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात घरातली प्रत्येक वाकळ, गोधडी, चादर नदीवर जाते. पावसाळ्याचे चार महिने कोंदटलेलं अंथरूण पहिल्या कडक उन्हात आपटून धुवायचं, काठावरच्या खडकांवर पसरायचं आणि संध्याकाळी कडकडीत वाळलेलं घरी आणायचं. बाळंतिणीचं अंथरूण सुवेर फिटताना, घरात कुणी गेलं की सुतक फिटताना, ग्रहण सुटल्यावर, असे आणखी काही दिवस ठरलेले. त्यात शिवाशिवीची कल्पना होती आणि तिने माणसांना फार दुखावलंही. पण ज्या दिवशी घरात रक्त, आजार किंवा मरण येऊन गेलेलं असतं, त्या दिवसानंतर अंथरूण धुतल्याशिवाय पुन्हा वापरायचं नाही, एवढं शहाणपण त्यातून वेगळं काढून ठेवायला हरकत नाही.

आमचं दादर आजच्या रूपात उभं राहिलं तेही काही अंशी अंथरुणाच्या भीतीतून. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सापडला. रोग कशातून पसरतो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून सरकारी पथकं घरात शिरून गाद्या-गोधड्या बाहेर काढत, औषधात बुडवत, कित्येकदा जाळत. ज्यांच्याकडे दुसरं पांघरूण नव्हतं त्यांच्यावर काय ओढवलं असेल ते सांगायला नको. प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवेतून माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये दाखवून दिलं. त्याच वर्षी, प्लेगच्याच धास्तीतून, मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टनेच दादर-माटुंग्याची आखणी केली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि पाच उद्यानं यांचे रुंद रस्ते, दोन इमारतींमधलं मोकळं अंतर हे सगळं खोलीत ऊन आणि वारा यावा म्हणून. त्या भागातल्या जुन्या घरांच्या बाल्कनीत आजही दुपारी गादी उन्हाला टाकलेली दिसली की मला बरं वाटतं. घर ज्या कामासाठी बांधलं ते काम अजून करतं आहे.

उन्हाचं हे महत्त्व नुसतं जुन्या माणसांचं नाही. आपल्या अंगावरून रोज त्वचेचा बारीक कोंडा झडतो. गादीतले डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे त्यावर जगतात. त्यांना पाणी पिता येत नाही, हवेतला ओलावा शोषून ते तग धरतात. हवा पुरेशी कोरडी झाली की ते सुकून मरतात. मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते, म्हणजे किड्यांचे ते सुगीचे दिवस, आणि नेमकी तेव्हाच चादर वाळत नाही. दोन दिवस दोरीवर राहूनही तिला कुबट वास येतो आणि बाई तीच चादर घडी करून ठेवून देते, कारण दुसरी वाळायला जागा नाही. ज्या मुलाला दमा आहे, ज्याला सकाळी उठल्या उठल्या वीस शिंका येतात, त्याचं पावसाळ्यातलं दुखणं कितीदा उशीच्या अभ्र्यात बसलेलं असतं. साठ अंश तापलेल्या पाण्यात हे किडे मरतात. मशीन नसेल तर उकळतं पाणी बादलीत ओतून अभ्रे आणि चादर त्यात बुडवून ठेवावी. सगळं अंथरूण झेपलं नाही तरी अभ्रा तरी दर आठवड्याला बदलावा, कारण रात्रभर नाक तिथेच असतं.

निरोगी, धडधाकट माणसाला याहून अधिक काही सांगावं असं मला वाटत नाही. आठवडा हा चांगला नियम आहे, थंडीत पंधरवडा झाला तर आभाळ कोसळत नाही. मुंबईच्या नळाला येणारं बरंचसं पाणी तानसा, वैतरणा आणि भातसा या जलाशयांतून येतं. ज्या शहापूर तालुक्याच्या परिसरातून ते निघतं, तिथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तिथली बाई हंडाभर पाण्यात काय काय करते हे ज्याने पाहिलं, तो कुणाच्या मळक्या चादरीवर बोट ठेवणार नाही.

माझा जीव अडकतो तो जो उठू शकत नाही त्याच्यापाशी.

आईला अर्धांगवायू झाला आणि शेवटचे आठ महिने ती अंथरुणावर होती. त्या वेळी पन्नाशी गाठलेल्या मला चादर बदलता येत नव्हती. धुता येत नव्हती हे तर खरंच, पण अंथरताही येत नव्हती. माणूस खाली निजलेला असताना त्याच्या अंगाखालची चादर कशी काढायची? पहिल्या दिवशी मी आणि बायकोने आईला उचलून खुर्चीत बसवायचा प्रयत्न केला, ती कळवळली, आणि आम्ही हात टेकले. दुसऱ्या दिवशी रुग्णसेवेचं काम करणाऱ्या एक मावशी आल्या. त्यांनी आईला हलकेच कुशीवर वळवलं. जुनी चादर लांबीत गुंडाळत आईच्या पाठीला नेऊन टेकवली. नवी चादर अर्धी गुंडाळलेली आणली होती, तिची मोकळी बाजू गादीखाली खोचली आणि गुंडाळी जुनीच्या शेजारी ठेवली. मग आईला त्या दोन वळकट्यांवरून पलीकडच्या कुशीवर घेतलं. जुनी ओढून काढली, नवी उलगडून ताणली. तीन-चार मिनिटं लागली असतील. आई एकदाही कण्हली नाही.

मग त्या मावशींनी तळहात चादरीवरून फिरवला आणि मला म्हणाल्या, “बघा, सुरकुती राहिली तर ती पाठीत उतरते.” हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सतत निजलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर, खांद्यांच्या पात्यांवर भार पडतो आणि तिथला रक्तपुरवठा तुटतो. चादरीची एक घडी, एखादा खरकटा कण, थोडीशी ओल, यांनी तिथली कातडी फाटते आणि जखम होते. ती जखम भरून यायला महिने लागतात, कधी भरतच नाही. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, कमरेखाली मेणकापड आणि त्यावर आडवी सुती चादर घालायची, ती ओली झाली की तेवढीच बदलायची. फ्लोरेन्स नाइटिंगेलने 1859 मध्ये शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिलं त्यात एक पूर्ण प्रकरण बिछान्यावर आहे. आजाऱ्याच्या अंगातला ओलावा अंथरुणात जाऊन बसतो आणि आपण त्याला पुन्हा त्यातच निजवतो, याचा तिला संताप होता. मला ते पुस्तक आईच्या आजारात वाचायला मिळालं असतं तर त्या पहिल्या दिवशी आईचे हाल झाले नसते.

त्या आठ महिन्यांत आमच्याकडे दिवसाला दोन चादरी लागत होत्या, कधी चार. दोरीवर आमच्याच चादरी. नळ उघडताना मी आता आईच्या चाळीतल्या पहाटा मोजत होतो. सहा माणसांचं अंथरूण तिने हातांनी धुतलं, त्यात माझी लहानपणची, तापातली, गोवराची, ओली केलेली किती असतील. आणि मी तिची चादर अंथरायला पन्नाशीत शिकलो. मुलग्यांना हे लहानपणीच शिकवलं पाहिजे. गादीवर चादर ताणून घालणं, तिचे कोपरे खोचणं, ओली चादर दुसऱ्याबरोबर पिळणं, ही कामं घरातल्या प्रत्येक हाताला आली पाहिजेत, कारण पाळी कुणावर येईल ते ठरलेलं नसतं.

अशी पाळी आलेली घरं आमच्या आसपासही आहेत. दादर पूर्वेला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणारे रुग्ण आणि त्यांची माणसं तिथे राहतात. ते रुग्णालय 1941 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून गावोगावची माणसं परळच्या वाटेला लागलेली आहेत. गाडगेबाबा परटाच्या घरात जन्मले, 1876 मध्ये, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात. दुसऱ्यांची वस्त्रं धुणं हा ज्या घराचा पिढीजात धंदा, त्या घरातल्या माणसाने स्वतः चिंध्या पांघरल्या, हातात खराटा घेतला, आणि जमलेल्या पैशांतून परक्या गावात अडलेल्यांसाठी धर्मशाळा बांधल्या. आमच्या दादरकर प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांचं चरित्र लिहिलं, पण बाबांचं खरं चरित्र मला त्या इमारतीत दिसतं. उपाशी माणसाला अन्न द्यावं हे सगळेच सांगतात. निजायला जागा द्यावी, हे बाबांनी करून दाखवलं.

केमोथेरपी घेतलेल्या माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुढच्या एक-दोन आठवड्यांत खाली येतात. निरोग्याला जाणवणारही नाही असा संसर्ग त्याला तेव्हा जिवावर बेतू शकतो. त्याच्यासाठी धुतलेली चादर म्हणजे औषधाचाच भाग. आणि टाटाच्या आसपासच्या फुटपाथवर ज्यांनी पथारी पसरलेली असते, धर्मशाळेत ज्यांचा नंबर लागलेला नसतो, त्यांनी ती चादर कुठे धुवायची आणि कुठे वाळवायची? संध्याकाळी तिथून जाताना हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. लहान पोर आईच्या मांडीवर, त्याचं डोकं केस गेलेलं, खाली प्लास्टिकचं बारदान, वर एकच चादर. तीच अंथरायची, तीच पांघरायची.

अशा माणसांना द्यायला लोक नव्या कोऱ्या चादरी आणतात. त्यांची भावना चांगली असते, पण नव्या चादरीत खळ असते आणि आजाराने नाजूक झालेल्या कातडीला ती टोचते. आईच्या पाठीने मला हे शिकवलं. म्हणून घटस्थापनेच्या आधी आम्ही घरी चादरी काढतो तेव्हा दोन-तीन सुती चादरी वेगळ्या ठेवतो, मऊ झालेल्या पण विरलेल्या नव्हेत. नव्या घेतल्या तर आधी दोनदा धुतो, खळ निघून जाईपर्यंत. गच्चीवर कडक उन्हात वाळवतो. घडी घालण्याआधी बायको किंवा मी, ज्याच्या हाती सुई असेल तो, एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचे चार टाके घालतो, आणि देताना घेणाऱ्याला सांगतो की हा दोरा डोक्याकडे ठेवा.