मातीचं घर आणि मोजपट्टी

मागल्या महिन्यात एका शिबिरात एक शिकलेला माणूस घरांवर बोलला. गावचीच माती, गावचाच दगड, गावचंच लाकूड वापरा. सिमेंटसाठी चुनखडी भाजावी लागते, त्यात हवा नासते. अशा वस्त्याच पुढे टिकतील, म्हणाला.

मी सूतगिरणीतली रात्रपाळी करून तसाच गेलो होतो. मनात म्हटलं, च्यायला, ज्याच्या आजीनं जन्मभर शेणामातीनं भिंती सारवल्या त्यालाच हा मातीचं कौतुक ऐकवतोय! आम्ही माती निवडली नव्हती, ती आमच्या वाट्याला आली होती. आमच्या पोरांना स्लॅब पाहिजे. स्लॅब म्हंजे आमच्यासाठी नुसतं छप्पर नाही.

पण घरी झोप लागेना. राग खरा, पण राग म्हंजे उत्तर नव्हे. मे महिन्यात आमचा स्लॅब तव्यासारखा तापतो, आजीचं घर गार असायचं. हेही खरंच ना?

माझा पन्नाशीतला जोडीदार औसा तालुक्यातला. त्यानं मला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगितली. तेव्हा माझा जन्मही नव्हता. किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसं गेली, बहुतेक माळवदाच्या घरांत. जाड दगडी भिंती, आत मातीचा भराव, दोन्ही अंगं सांधणारा लांब दगड नाही. वर गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षं चढवलेली माती. भिंत फाटली अन् माळवद अंगावर आलं. हलक्या सपरात झोपलेली पुष्कळ गरीब माणसं वाचली. यात खूश व्हायचं काही नाही, दोस्तहो. मेली ती माणसंच.

मग दोष मातीचा? नाही. त्याच दगडात सांधे घातले, भिंतीला पट्टे बांधले, छप्पर हलकं ठेवलं, तर घर तग धरतं. दोष बांधणीचा.

पण खरी गोष्ट पुढे आहे. ५२ गावं नव्या जागी वसवली. घराचं माप कशावरून ठरलं? जमिनीवरून. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट. १ ते ७ हेक्टरवाल्याला ४००. त्यावर ७५०. भूकंपानं सगळ्यांना एका रात्रीत उघड्यावर आणलं होतं. सरकारी मोजपट्टीनं पुन्हा वर-खाली लावलं. भूमिहीनाच्या घरात माणसं कमी असतात काय? आणि भूमिहीन कोण, हे तुम्हाला-मला कुणी सांगायला नको. सिमेंट आलं, नवा रस्ता आला, जुना हिशोब तसाच राहिला.

म्हणून आता मला वाटतं, घर कशाचं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, माप कुणी ठरवलं? घर कुणाच्या शेजारी? पाणी एकाच नळाचं का? ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाच्या कौतुकाला झोडपलं, ते मातीच्या भिंतींसाठी नव्हे. त्या भिंतींमागच्या व्यवस्थेसाठी.

उद्या कुणी मातीच्या वस्तीचा नकाशा घेऊन आला तर त्याला हाकलू नका. बसवा, चहा पाजा. त्यातली चांगली विद्या शिकून घ्या, आपल्या गवंड्यांना शिकवा. पण आधी नकाशा आपल्या बायाबापड्यांपुढं पसरा आणि विचारा : यात आमचं घर कुठं? तुमचं कुठं? दोन्हींचं माप किती?

उत्तर सरळ आलं, तर मी सुट्टी टाकून माती तुडवायला येतो.