खेळांतील मरण

कथेंतील मरण आणि खेळांतील मरण ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कथेचा नायक कोठें मरणार हें लेखकाला ठाऊक असतें. खेळांतला गडी केव्हां बाद होईल हें कोणालाच ठाऊक नसतें. 1974 सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन ह्यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला, आणि ह्या दोन्ही गोष्टी एका मेजावर आल्या. चारपांच मंडळी बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेऊन तें महिनोन्‌महिने चालवितो. सूत्रधार भोंवतालचें जग उभें करितो. आणि जेथें संशय तेथें फासा निर्णय देतो. छत्रपती संभाजीनगराजवळ वाळूजच्या कारखानदारी वसाहतींत राहणारे आमचे कांहीं विद्यार्थी सुटीच्या दिवशीं हा खेळ मांडतात. त्यांच्यांत मध्यंतरीं एक वाद पडला. एकाचा वर्षभर जोपासलेला योद्धा भिंतीवरून पडून, केवळ फासा वाईट पडल्यामुळें, मेला. निम्मे म्हणाले, असलें निरर्थक मरण सूत्रधारानें रद्द करावें. निम्मे म्हणाले, फासा तो फासा. वाद पोरकट वाटेल, पण त्याच्या बुडाशीं असलेला प्रश्न पोरकट नाहीं. मरणाला अर्थ येतो तो कशानें?

आपल्या मातींतल्या खेळानें ह्या प्रश्नाचा विचार पूर्वींच करून ठेविला आहे. हुतूतूंत बाद झालेल्या गड्यास आपण ‘मेला’ असेंच म्हणतों. कबड्डीचे तीन जुने प्रकार आहेत. ‘गामिनी’त मेलेला गडी डाव संपेपर्यंत परत येत नाहीं. ‘अमर’ प्रकारांत गडी बाद झाला तरी मैदान सोडीत नाहीं. प्रतिपक्षास फक्त गुण मिळतो. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा एक गडी मेला कीं आपला एक गडी उठतो. पहिल्यांत मरण खरें, पण मेलेल्यानें नुसतें बसून राहावयाचें. दुसऱ्यांत सर्वांनीं खेळावयाचें, पण मरण आंकड्यापुरतें. तिसऱ्यांत मरणहि खरें आणि परतणेंहि खरें, मात्र त्याची किंमत कोणीतरी मैदानांत मोजली पाहिजे. जगभर रूढ झाली ती संजीवनी, ह्याचें आम्हांस नवल वाटत नाहीं.

किंमतीचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्या परदेशी खेळाच्या 2014 च्या आवृत्तींत मरणोन्मुख पात्रासाठीं वीस बाजूंचा फासा टाकतात. दहा किंवा अधिक पडले तर यश. तीन यशांनीं प्राण टिकतो, तीन अपयशांनीं जातो. गेलेल्यासहि मंत्रानें उठवितां येतें, पण त्यासाठीं पांचशें सुवर्णमुद्रांचा हिरा खर्चावा लागतो. हिरे मुबलक असले कीं मरण हा नुसता बाजारचा हिशेब होतो. कचाच्या कथेंत हें रहस्य नीट उमगलेलें दिसतें. दैत्यांनीं त्याला दोनदां मारिलें, शुक्राचार्यांनीं दोन्ही वेळां सहज उठविलें. तिसऱ्यांदा त्याची राख मद्यांतून गुरूच्याच पोटांत गेली. आतां शिष्य उठावयाचा तर गुरूनें मरावयाचें! तेव्हां कोठें संजीवनी विद्या शिष्याच्या हातीं आली.

पण भिंतीवरून पडलेल्या योद्ध्याचें काय? अभिमन्यूप्रमाणें, बाहेरची वाट ठाऊक नसतां, जाणूनबुजून तो चक्रव्यूहांत शिरला नव्हता. असें मरण हलकें मानावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. महाभारतांतील सर्वांत समर्थ पुरुषाचें मरण कसें आलें तें वाचकांनीं आठवावें. जरा नांवाच्या व्याधानें श्रीकृष्णाला हरिण समजून बाण मारिला. हा अपघातच, व्यासांनीं त्याला रणांगणाची भव्यता दिली नाहीं. पण त्यानंतर द्वारका समुद्रांत बुडते, अर्जुनाचें गांडीव साध्या लुटारूंपुढें निष्प्रभ ठरतें, आणि पांडव राज्य सोडून महाप्रस्थानास निघतात. मरण क्षुद्र कारणानें आलें; पण मागें राहिलेल्यांचें जग पूर्वीचें राहिलें नाहीं.

ह्याच जिल्ह्यांत अजिंठ्याच्या 26 व्या लेण्यांत महापरिनिर्वाणाचें प्रचंड शिल्प आहे. बुद्ध कुशीवर निजले आहेत. खालीं शोकाकुल अनुयायी, वर हर्षित देवगण. मधली मूर्ति शांत आहे. त्या मरणाचा अर्थ पाहणाऱ्याला वाचावयाचा तर तो खालच्या आणि वरच्या मंडळींकडे पाहूनच.

तेव्हां आमचा कौल फाशाच्या बाजूनें आहे, पण फाशावर थांबणारा नाहीं. सूत्रधारानें धोका आधीं स्पष्ट सांगावा. न सांगितलेल्या धोक्यांत शौर्य नसतें. एकदां फासा पडल्यावर तो चोरून उलटवूं नये. कारण आज ज्याला वांचविलें त्याचें कालचें धैर्यहि त्यामुळें खोटें ठरतें. आणि मरणानंतर खेळ लगेच पुढें हांकूं नये. योद्ध्याची तलवार कोणी घ्यावयाची, त्याचें वचन कोणी पुरें करावयाचें, त्याच्या घरीं कोणी सांगावयाचें, हें खेळलें गेलें पाहिजे. कोणी म्हणेल, लोक मेजापाशीं विरंगुळ्यासाठीं बसतात, दुःखासाठीं नव्हे. हें खरें आहे. ज्या मंडळींस मरण नको असेल त्यांनीं ‘अमर’ खेळावें. मात्र तो करार डावाच्या आधीं व्हावा, फासा पडल्यावर नव्हे.

एक मर्यादा मात्र सांगितलीच पाहिजे. खेळांत प्रत्येक मरणाला अर्थ देतां येतो, म्हणून जगांतल्या प्रत्येक मरणालाहि तो असतो असें कोणी समजूं नये. यंत्रावर वा रस्त्यावर ज्याचें माणूस गेलें, त्याच्या दारीं जाऊन ‘ह्यांतहि कांहीं अर्थ असेल’ असें म्हणणें हें सांत्वन नव्हे, क्रौर्य आहे. अर्थ लावण्याचा अधिकार ज्याचें माणूस गेलें त्याचा. आणि तो त्यानें कधींच वापरला नाहीं तरी त्याचें दुःख कमी प्रतीचें होत नाहीं. इतरांचें काम एवढेंच, कीं मागें राहिलेलें ओझें उचलावयास हात द्यावा. मेजाभोंवतीं बसून गेलेल्या गड्याचें अपुरें काम पुरें करणारीं मुलें नकळत ह्याच कामाचा अभ्यास करीत असतात.