उरलेले तुकडे



गेल्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळची मिस्सा आटोपून आम्ही मंडपात गेलो. आदल्या रात्री सुमारे सहाशे माणसे जेवून गेली होती. जेवण चांगले झाले होते, तरुणांनी मनापासून वाढले होते. मंडपाच्या कोपऱ्यात मात्र नऊ गोण्या उभ्या होत्या. उष्टा भात, अर्धवट खाल्लेले चिकन, चकचकीत अस्तराच्या कागदी ताटल्या आणि पाण्याच्या लहान बाटल्या. कित्येक बाटल्यांत निम्मे पाणी तसेच होते. घंटागाडीवरच्या भावाने एक गोणी उघडून पाहिली आणि शांतपणे विचारले, "फादर, यातलं ओलं-सुकं वेगळं कोण करणार?"

उत्तर त्यालाही ठाऊक होते आणि आम्हालाही. तोच करणार होता, आपल्या हातांनी.

त्या ताटल्यांची आणि बाटल्यांची यादी आम्हीच मंजूर केली होती. थर्माकोल आणलेला नाही, म्हणजे सगळे ठीक आहे, असे समाधानही आम्हाला वाटले होते. त्याच वर्षी आम्ही व्यासपीठावरून निसर्गरक्षणावर प्रवचन दिले होते, हे आपल्यापैकी काहींना आठवत असेल. म्हणून हा लेख उपदेश म्हणून वाचू नये. जो प्रश्न आम्हाला पडला, तो आपल्यासमोर ठेवत आहोत.

पुढच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एका सभासदांनी रोखठोक विचारले, "फादर, जगात रोज टनांनी प्लास्टिक तयार होते. आपल्या सहाशे बाटल्यांनी काय फरक पडणार?" हा प्रश्न आपण सारेच मनात विचारत असतो. माझ्या एकट्याने काय होणार? पुष्कळदा ही पळवाट असते, पण प्रश्न खोटा नाही. एका घराने पिशवी नाकारली म्हणून समुद्र स्वच्छ होत नाही, हे मान्य करायलाच हवे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना धान्याच्या राशीचे एक जुने ग्रीक कोडे आम्हाला भेटले होते. ते युब्युलिडीस या तत्त्वज्ञाच्या नावावर सांगितले जाते. राशीतून एक दाणा काढला तरी रास ती रासच राहते. आणखी एक काढला तरी तेच. मग रास संपते तरी कधी? तेव्हा आम्हाला तो शब्दांचा खेळ वाटला. त्या नऊ गोण्यांपुढे उभे राहिल्यावर तो खेळ वाटेना. सहाशे जणांपैकी कोणीही गोणी भरली नव्हती. प्रत्येकाने फक्त एक ताटली आणि एक बाटली टाकली होती.

घरातला गळका नळच घ्या. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब. चार टपोऱ्या थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला एकवीस लिटरांहून जास्त पाणी गेले. एका थेंबाकडे पाहून हे कोणाच्याही लक्षात येत नाही.

तरीही केवळ हिशोबाने हा प्रश्न सुटत नाही. हिशोबच करायचा तर एखादा म्हणेल, माझा वाटा नगण्यच आहे, आणि त्याचे गणित चुकीचे नसेल. इथे ॲरिस्टॉटल मदतीला येतो. घरे बांधता बांधता माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवता वाजवता वादक होतो. तसेच न्यायाने वागता वागता तो न्यायी होतो, असा त्याचा विचार आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी सद्गुणांची मांडणी करताना सवयीचा हाच धागा पुढे नेला. म्हणजे आपली कृती बाहेर काही घडवो न घडवो, ती करणाऱ्याला नक्की घडवते. निम्मी भरलेली बाटली टाकणारा हात एक धडा गिरवत असतो: माझे काम झाले की वस्तू संपली. हाच धडा रोज गिरवला की गोणी उपसणारा माणूसही दिसेनासा होतो. गोखिवऱ्याच्या कचराभूमीला अनेकदा आग लागली आहे. तो धूर ज्यांच्या घरात शिरतो, ती माणसे आपल्याला दिसेनाशी होणे, हे गणितात न बसणारे नुकसान आहे.

या संदर्भात संत योहानच्या शुभवर्तमानातील सहावा अध्याय आम्ही पुन्हा वाचला. पाच भाकरी आणि दोन मासळ्यांनी हजारो लोक तृप्त झाले. त्यानंतर प्रभू येशू शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगतो, काही वाया जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरतात. आजवर आम्ही या प्रसंगावर बोललो ते चमत्काराविषयी. ही शेवटची आज्ञा मात्र नजरेतून निसटली होती. ज्याच्या हातात भाकरी वाढत जाते, त्याला टंचाईची काय भीती? तरीही तो तुकडे वेचायला लावतो. म्हणजे जपून वापरायचे ते संपेल या भीतीने नव्हे. जे मिळाले ते दान आहे, म्हणून जपायचे.

आपल्या वसईच्या जुन्या घरांत ही शिस्त होती. न्हाणीचे पाणी केळीला किंवा अळवाला जायचे, खरकटे कोंबड्यांना, बाजारात जाताना पिशवी घरातूनच निघायची. पण त्या काळाचे फार गोडवे गाऊ नयेत. विहिरीचे पाणी ओढून आणणाऱ्या आई-आजीच्या खांद्यांना प्रत्येक कळशीची किंमत ठाऊक होती. त्यांची काटकसर गरजेतून आलेली होती. आज नळ फिरवला की पाणी येते. आता गरज भाग पाडत नाही, तेव्हा जपायचे की नाही हे आपल्याला स्वतःहून ठरवावे लागते.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. कापडी पिशवी खांद्याला लावली की मन शांत होते, आणि तेवढ्यावरच थांबावेसे वाटते. पिशवी कापडाची, पण वाडीतले बावखल मातीने भरून तिथे चाळ उठवायला आपली संमती, असे झाले तर ती पिशवी ढोंग ठरेल. बावखलात पावसाचे पाणी साठते, जमिनीत मुरते आणि विहिरी गोड्या राहायला मदत होते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना कोणी शिकवावे लागले नाही. टँकरने बेसुमार उपसा सुरू झाला आणि विहिरी मचूळ होऊ लागल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीबरोबर साधी माणसे रस्त्यावर उतरली. जुलै 2018 मध्ये वसईत दिवसेंदिवस पाणी तुंबले, त्याला केवळ प्लास्टिकच्या पिशव्या कारण नव्हत्या. पाण्याच्या वाटाही बुजल्या होत्या. म्हणून लहान सवय ही मोठ्या जबाबदारीतून सुटका नव्हे. जो रोज घरात जपतो, त्याला गावातले नुकसान लवकर दिसते आणि तो बोलण्याची शक्यता अधिक असते. मिस्सेच्या सुरुवातीला आपण केवळ केलेल्या नव्हे, तर न केलेल्या गोष्टींबद्दलही क्षमा मागतो. गप्प राहणे त्यातच येते.

घरी सुरुवात करण्यासाठी या पाच गोष्टी सुचवत आहोत:

1. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करावा. ज्यांच्याकडे वाडी किंवा परसू आहे त्यांनी ओल्याचे खत करावे. हे काम एकट्या आईच्या माथी मारू नये. मुलांनी आणि पुरुषांनीही डबा उचलावा.

2. ताटात थोडे वाढून घ्यावे, लागले तर पुन्हा घ्यावे. लग्न-बारशाच्या यजमानांनी पदार्थांची संख्या प्रतिष्ठेशी जोडू नये.

3. गळका नळ त्याच आठवड्यात दुरुस्त करावा. आंघोळ बादलीने करावी.

4. खोलीतून निघताना दिवा-पंखा बंद करावा. ए.सी. असेल तर तो 24 अंशांवर ठेवावा. तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे 6 टक्के वीज वाचते. चर्चच्या कार्यालयातला ए.सी. आजपासून 24 वर आहे, कोणीही येऊन पाहावे.

5. पिशवी आणि पाण्याची बाटली घरून न्यावी. रविवारी मिस्सेला येताना जवळच्यांनी चालत यावे, दूरच्यांनी शेजाऱ्याला गाडीत घ्यावे. आजारी आणि वृद्धांना अर्थातच हे लागू नाही.

पाचही एकदम जमणार नाहीत. एक निवडावी आणि महिनाभर पाळावी. एखाद्या दिवशी चुकली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी. सवय अशीच लागते.

येत्या सणाला जेवण स्टीलच्या ताटांत होईल. ताटे घराघरांतून गोळा करू, पाण्यासाठी पिंप आणि पेले ठेवू. भांडी घासायच्या पाळीत पहिले नाव आमचे आहे, पुढची नावे आपण द्यावीत. थोडा गोंधळ होईल, रांग लांबेल, एखादे ताट हरवेलही, सांभाळून घ्यावे. घंटागाडीवरच्या त्या भावाला आम्ही जेवणाचे आमंत्रण दिले आहे. दुसऱ्या दिवशी किती गोण्या निघतात, ते मोजून याच पानावर कळवू.

प्रभूमध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू